सुतळीची खुर्ची

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास कंडक्टर दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला, तेव्हाच सोफेवाल्याला कळलं.

गेल्या चार वर्षांत हा माणूस एकदाही दुकानात आला नव्हता. त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. दूध-पेपरसुद्धा तो खिडकीतून दोरीला पिशवी बांधून वर ओढून घ्यायचा. असा माणूस तीन मजले उतरून, टॅक्सी करून, काठी टेकत दारात उभा राहतो तेव्हा त्याला सांगायची गोष्ट एकच असणार.

सोफेवाल्याच्या तोंडात खिळे होते. काम करताना तो ते ओठांत धरायचा. त्याने एकेक करून सगळे तळहातावर काढले.

"सोफेवाले," कंडक्टर म्हणाला, "आपली गेली हो."

"कधी?"

"आज सकाळी. चहा ठेवायला उठलो तेव्हा होती. खुर्चीतून मान वर करून बघितलं तिने माझ्याकडे, नेहमीसारखं, काय कटकट आहे सकाळी सकाळी अशा नजरेने. चहा गाळून बाहेर आलो तर नव्हती."

"ओरडली का?"

"छे. काही त्रास दिला नाही. जिवंतपणी दिला तेवढा पुरे होता."

तळहातावरचे खिळे डबीत गेले. मग सोफेवाला म्हणाला, "बसा," आणि कंडक्टर बसायला जागा शोधू लागला. दुकानात सात खुर्च्या आणि दोन सोफे होते, पण एकालाही बसण्याजोगं बूड नव्हतं. कुणाच्या स्प्रिंगा बाहेर आल्या होत्या, कुणाच्या नुसत्या पट्ट्या दिसत होत्या. शेवटी सोफेवाल्याने स्वतःचं स्टूल त्याला दिलं.

"तिला आणलंय," कंडक्टर म्हणाला. त्याच्या खांद्याला जाड कापडी पिशवी होती आणि तिच्यात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी. "तिसऱ्या मजल्यावर माती कुठून आणू? तुमच्या मागच्या अंगणात जागा आहे ना?"

"आहे."

"आणि मुलीला कळवा."

"कळवतो."

"नुसतं मांजर गेली एवढं नाही. सगळं कळवा."

 सगळं म्हणजे काय, ते जगात या दोघांनाच माहीत होतं. चार वर्षांपूर्वी सोफेवाल्याने आपल्या एकुलत्या एका मुलीला एक खोटं सांगितलं होतं. तेव्हापासून मुलगी त्याच्याशी बोलायची, सगळं रीतसर विचारायची, औषधं घेतलीत का, जेवलात का, पण ते बोलणं वरवरचं असायचं. त्या खोट्याच्या मध्यभागी ही मांजर होती. आता मांजर गेली, तरी खोटं होतं तिथेच होतं.

मांजर मुळात बायकोची.

सोफेवाला आणि त्याची बायको, दोघंही दुकानात काम करायचे. लाकूड, पट्ट्या, स्प्रिंगा, काथ्या, कापूस हे त्याचं. कापड बेतणं, मशीनवर खोळी शिवणं, कडेची गोट लावणं हे तिचं. नऊ वर्षांपूर्वी एकदा दुकानामागच्या अंगणात सोल्यूशनचा डबा कलंडला. फोम चिकटवायचं ते सोल्यूशन, एकदा चिकटलं की सुटत नाही. संध्याकाळी बघतात तर त्या थारोळ्यात एक मांजरीचं पिल्लू चारही पायांनी चिकटून बसलेलं. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता. नुसतं तोंड उघडायचं आणि मिटायचं.

"हे आता काही राहत नाही," सोफेवाला म्हणाला होता.

"तुम्ही तेल आणा," बायको म्हणाली. "गोडं तेल. आणि माझी छोटी कात्री. आणि तोंड बंद ठेवा."

चार तास ती जमिनीवर बसून होती. एकेक पंजा तेलात भिजवायचा, बोटाने हळूहळू चोळायचा, जिथे सुटत नाही तिथे केस कापायचे. तिसरा पंजा सुटला तेव्हा पिल्लाने तिला चावलं. चौथा सुटल्यावर ते तिच्या मांडीतच झोपलं. त्याच्या अंगावर नावाला केस राहिले होते. लांबुडकं, मळकट, पिळलेलं. "सुतळीच्या तुकड्यासारखं दिसतंय," बायको म्हणाली, आणि स्प्रिंगा बांधायच्या सुतळीवरून पिल्लाचं नाव पडलं.

सुतळी दुकानातच वाढली. तिचा एक दोष असा, की आत शिरता येईल असं काही दिसलं की ती आत शिरायची. दुरुस्तीला आलेली मोठी खुर्ची उलटी करून ठेवली, की तिचा तळ उघडा असतो आणि हाताच्या पोकळीत कापसाची ऊब असते. सुतळीला याहून चांगली जागा माहीत नव्हती. म्हणून नवरा-बायकोत एक रीत पडली होती. सगळं काम झालं की शेवटी तळाला काळं कापड लावून खुर्ची बंद करायची. कापड लावण्याआधी सोफेवाला मशीनकडे न बघताच विचारायचा, "बंद करू?" बायको मान वळवून मांजर कुठे आहे ते बघायची आणि म्हणायची, "करा." कधी म्हणायची, "थांबा, बाईसाहेब आत आहेत." मग ती हात घालून सुतळीला मानेला धरून बाहेर काढायची. पाच वर्षं हे चाललं. कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

मग बायको आजारी पडली आणि दोन महिन्यांत गेली.

मुलगी तेव्हा पंधरा दिवस राहिली. ती दुसऱ्या शहरात एका दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत काम करते, तिचा नवरा, तिची मुलगी तिकडे. निघताना ती म्हणाली, "बाबा, दुकान बंद करा आता. आमच्याकडे चला. तुमचं लक्ष नसतं कशात. काल गॅस चालू ठेवून बाहेर गेला होतात."

"लक्ष असतं माझं."

"हातात दाभण, कात्री, पाती. एखाद दिवशी स्वतःला काहीतरी करून घ्याल."

"चाळीस वर्षं करतोय."

"बरं. पण एक चूक झाली ना बाबा, एक, की मी येऊन कुलूप लावणार. सांगून ठेवते."

ती गेली, आणि आठवड्याभरात ती चूक झाली.

कंडक्टरची ओळख एका खुर्चीपासूनची. बायको आजारी पडायच्या आधीच तो खुर्चीची ऑर्डर देऊन गेला होता. चौतीस वर्षं त्याने बसमध्ये उभ्याने काढली, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर एकच हौस ठेवली. "उंच पाठीची, डोकं टेकायला दोन्हीकडे कान असलेली, रुंद हातांची खुर्ची पाहिजे," तो म्हणाला होता. "आयुष्यभर लोकांना म्हणालो, बसून घ्या, बसून घ्या. आता मला बसायचंय." खोळ बायकोनेच शिवून ठेवली होती, गडद हिरवी. तिने केलेलं ते शेवटचं काम. म्हणून सोफेवाल्याने ती खुर्ची फार मन लावून केली. स्प्रिंगा आठ ठिकाणी बांधल्या. कापूस नवा घातला. खुर्ची उलटी केली, काळं कापड हातात घेतलं आणि विचारलं, "बंद करू?"

आणि बंद केली.

दुपारी टेम्पो आला. हमाल खुर्ची उचलताना म्हणाला, "काका, जरा जडच आहे की." सोफेवाला म्हणाला, "चांगला माल घातलाय."

संध्याकाळी फोन वाजला.

"सोफेवाले, तुमची खुर्ची ओरडतेय."

"नवीन आहे साहेब. लाकूड जरा करकरतं दोन-चार दिवस."

"करकरत नाही हो. म्याव म्हणतेय."

 सोफेवाल्याने मशीनकडे बघितलं. सुतळी बायको गेल्यापासून त्या मशीनवरच बसून असायची. मशीन रिकामं होतं.

पक्कड आणि पातं घेऊन तो कसा पोचला, तीन मजले कसे चढला, त्याचं त्यालाच आठवत नाही. खुर्ची उलटी केली, काळं कापड टराटरा फाडलं. उजव्या हाताच्या पोकळीतून सुतळी बाहेर आली. मिशांना कापूस, डोक्यावर कापूस. तिने अंग ताणलं, आधी एक पाय, मग दुसरा, आणि खुर्चीच्या पायाला अंग घासलं. पाच तास ती आत होती. बहुतेक वेळ झोपूनच काढला असावा तिने.

बायको गेल्यापासून सोफेवाला रडला नव्हता. लोक आले, गेले, सगळं उरकलं, त्याने कागदांवर सह्या केल्या. त्या दिवशी मात्र तो परक्या माणसाच्या घरात, उलट्या खुर्चीत तोंड खुपसून रडला.  कंडक्टर स्वयंपाकघरात गेला आणि लागतं त्याच्या तिप्पट वेळ दूध तापवत बसला.

मग बशीत दूध घालून, त्यात पाव कुस्करून त्याने ते जमिनीवर ठेवलं. सुतळीने बशी चाटून पुसून स्वच्छ केली.

"भूक लागली होती बिचारीला," कंडक्टर म्हणाला.

सोफेवाला बघतच राहिला. तीन आठवडे ती धड खात नव्हती. दुकानात वाटी भरून ठेवावी आणि संध्याकाळी तशीच उचलावी. दिवसभर मशीनवर बसायचं आणि दाराकडे बघायचं, एवढंच तिचं चाललं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याचंही तेच चाललं होतं. एकमेकांना बघून दोघंही जास्तच वाट बघायचे.

तो तिला उचलायला गेला तर ती खुर्चीच्या पोटात परत शिरली. पुन्हा काढलं, पुन्हा शिरली. तिसऱ्या वेळी कंडक्टर म्हणाला, "राहू दे आजचा दिवस. उद्या बघू. मला मांजरं आवडत नाहीत, पण ही तिकीट न काढता बसलीच आहे तर पुढच्या स्टॉपपर्यंत जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सुतळीने दोन बश्या संपवल्या. तिसऱ्या दिवशी कंडक्टरच्या खिडकीत ऊन खात बसली. चौथ्या दिवशी सोफेवाला पिशवी घेऊन तिला न्यायला गेला, आणि पिशवी रिकामीच घेऊन परत आला. ती बरी होत होती. तिला तिथून उचलून पुन्हा त्या मशीनवर नेऊन ठेवायचं त्याच्याने झालं नाही.

त्याच रात्री मुलीचा फोन. "सुतळी कशी आहे?"

खरं सांगावं तर आईची मांजर आपण जिवंत शिवून टेम्पोत घालून पाठवली, हे सांगावं लागणार. मग कुलूप. मग दुकान नाही, कापसाचा वास नाही, तिचं मशीन नाही. तो म्हणाला, "दिली मी ती. एका गिऱ्हाइकाला."



"आईची मांजर दिलीत?"

"माझ्याने होत नव्हतं."

"आईला जाऊन महिनाही नाही झाला, बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

दुकानाला गुरुवारी सुट्टी. त्या गुरुवारपासून सोफेवाला कंडक्टरकडे जाऊ लागला. निमित्त होतं खुर्चीचा तळ पुन्हा बंद करायचं. पण तळ बंद केला असता तर सुतळी कुठे झोपणार? मग तो तसाच राहिला, आणि निमित्तही राहिलं.

"काय म्हणते सुतळी?" तो दारातून विचारायचा.

"कोण सुतळी? इथे विनातिकीट राहते. ती मजेत आहे. माझ्या खुर्चीत. मी या लोखंडी खुर्चीत. चौतीस वर्षं उभा राहिलो, बसायची वेळ आली तर जागा ज्येष्ठ महिलांसाठी राखीव."

"उठवा की तिला."

"उठवतो. तुम्ही उठवून दाखवा."

सोफेवाला मासळीबाजारातून डोकी आणायचा, कंडक्टर ती नाक मुरडत उकडायचा. दोघं चहा घ्यायचे. हळूहळू सोफेवाला बायकोबद्दल बोलू लागला. आधी एखादं वाक्य, मग गोष्टी. सोल्यूशनची गोष्ट तर कंडक्टरने इतक्या वेळा ऐकली, की मध्येच म्हणायचा, "तिसऱ्या पंज्याला चावली ना? पुढे चला." दुसऱ्या कुणाशी तो हे बोलू शकला नसता. गल्लीतले लोक तोंड पाडून ऐकायचे आणि विषय बदलायचे. कंडक्टर चुका काढायचा. "मागच्या वेळी तुम्ही दोन तास म्हणाला होतात, आज चार कसे झाले?"

आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी तो विचारायचा, "मुलीला सांगितलंत?"

"सांगतो."

मुलगी वर्षातून एकदा यायची, दोन दिवसांसाठी. येते म्हणाली की सोफेवाला आधी म्हणायचा, "कशाला दगदग करतेस, मी ठीक आहे." आली की तो तिला कंडक्टरच्या गल्लीवरून नेत नसे. ती दुकानात मशीनपाशी जाऊन उभी राहायची, त्यावर टाकलेल्या कापडाला हात लावायची. सुतळीचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही.

गेले दोन महिने सुतळी वाळत चालली होती. प्राण्यांच्या डॉक्टरने मूत्रपिंडाचं काही सांगितलं. कंडक्टर तिला टॅक्सीने तीनदा घेऊन गेला, त्या गुडघ्यांनिशी, तीन मजले खाली आणि तीन मजले वर. गेल्या गुरुवारी सोफेवाल्याने तिला मांडीवर घेतलं तर मांडीवर काही आहे असं वाटेना.

तर मंगळवारी दोघांनी तिला दुकानामागच्या अंगणात पुरलं. सोफेवाल्याने खणलं, कंडक्टर काठीने दाखवत होता. "जरा पुढे. अजून पुढे. तिथे दगड आहे." टॉवेल कंडक्टरचाच होता, तसाच ठेवला. माती लोटून झाल्यावर दोघं तिथे उभे राहिले. काय म्हणायचं असतं ते दोघांनाही माहीत नव्हतं. कंडक्टर म्हणाला, "चांगली होती." सोफेवाला म्हणाला, "हो."

मग दोघं आत आले. दुपारचा एक वाजत होता, मुलीची जेवणाची सुट्टी. सोफेवाल्याने फोन घेतला, खाली ठेवला, परत घेतला.

"मी ऐकत नाहीये," कंडक्टर स्टुलावरून म्हणाला, आणि ऐकण्यासाठी मान जरा पुढे काढली.

"बाबा? आत्ता कसा फोन? बरे आहात ना?"

"बरा आहे. सुतळी गेली, पोरी. आज सकाळी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"तेच सांगायला केलाय फोन. ती मी दिली नव्हती."

"मग?"

"शिवली."

"काय केलीत?"

"खुर्चीत. म्हणजे मुद्दाम नाही. शिवली गेली." आणि मग जे चार वर्षं अडलं होतं ते एका दमात बाहेर पडलं. हिरवी खोळ, टेम्पो, हमाल, म्याव म्हणणारी खुर्ची, दूध-पाव. "मी विचारलं होतं गं. बंद करू, म्हणून विचारलं मी. उत्तर आलं नाही. आलं नाही, हेच माझ्या लक्षात आलं नाही."

पलीकडून विचित्र आवाज येऊ लागला.

"रडतेय?" कंडक्टरने खुणेने विचारलं.

सोफेवाल्याने फोनवर हात ठेवला. "हसतेय बहुतेक."

ती हसतच होती. "चांगला माल घातलाय म्हणालात?" एवढंच तिला मधेमधे म्हणता येत होतं. आणि मग हसता हसता ती रडू लागली, आणि ते बराच वेळ थांबेना. सोफेवाला फोन धरून उभा राहिला.

"बाबा, मला काय वाटत होतं माहितीये? तुम्हाला आईचं काही डोळ्यांसमोर नकोच आहे. मशीनवर कापड टाकून ठेवलंत. मांजर दिलीत. मग मी येते म्हटलं की येऊ नकोस, येऊ नकोस. माझं तोंड आईसारखं आहे. सगळे म्हणतात. मला वाटलं, मीही त्यातच आले."

 टेकायला जागा नव्हती म्हणून सोफेवाला मशीनच्या कडेला टेकला. चार वर्षांत हा विचार त्याच्या मनात एकदाही आला नव्हता. आपलं खोटं एका मांजरीपुरतं आहे असं तो समजत होता.

"तसं नाही गं," तो म्हणाला. "तू आलीस तर तुला कळेल, म्हणून नको म्हणायचो. तू कुलूप लावशील म्हणून. मशीनवर कापड धूळ बसू नये म्हणून. तुझं तोंड... तुझं तोंड बघायला मी..." 

"कुलूप लावलंच असतं मी," ती नाक पुसत म्हणाली. "दुसऱ्या दिवशी."

"मग?"

"मग काय मग? त्यापायी चार वर्षं?"

"आता लाव."

"आता कशाला? त्यानंतर किती मांजरं शिवलीत?"

"एकही नाही."

"मग चालवा." ती पुन्हा हसली, आणि ते हसणं त्याने तिची आई असतानाच्या दिवसांनंतर पहिल्यांदा ऐकलं. "रविवारी येते मी. तुमच्या नातीलाही आणते. आणि आधी त्या काकांच्या घरी जायचंय मला. चार वर्षं सांभाळली त्यांनी? डॉक्टरकडेही त्यांनीच नेलं?"

"हो."

"तुम्ही त्यांना काय म्हणालात?"

"कशाबद्दल?"

"बाबा!"

सोफेवाल्याने स्टुलाकडे बघितलं. कंडक्टर घाईने उठला, काठी शोधू लागला. "टॅक्सी उभी आहे बाहेर," तो म्हणाला. टॅक्सी केव्हाच निघून गेली होती.

दोन दिवसांनी गुरुवार आला. सोफेवाला नेहमीच्या वेळी निघाला. पहिल्या मजल्यावर त्याने वाक्य जुळवलं, दुसऱ्यावर ते पाठ केलं. तिसऱ्यावर दम लागला म्हणून थोडा थांबला, आणि दार वाजवलं.

कंडक्टर केरसुणी घेऊन उभा होता. "रविवारी किती वाजता येणार ती? मला आधी सांगायला नको? घरात दोन कप आहेत, त्यातल्या एकाला कान नाही. लहान मूल येणार म्हणजे बिस्किटं पाहिजेत."

"दहापर्यंत येतील."

"काय बोलायचं मी तिच्याशी?"

"मांजरीबद्दल बोला. तिला सगळं ऐकायचंय."

"सगळं? मग रविवार पुरायचा नाही." त्याने केरसुणी कोपऱ्यात ठेवली आणि हिरव्या खुर्चीकडे बघितलं. खुर्चीवर राखाडी केस होते, ते त्याने झाडले नव्हते. दोघंही त्या खुर्चीत बसले नाहीत. कंडक्टर लोखंडी खुर्चीत बसला, सोफेवाला पलंगाच्या कडेला.

चहा झाला. सोफेवाल्याने वाक्य काढायला तोंड उघडलं आणि म्हणाला, "गुडघे कसे आहेत?"

"कसे असणार? आहेत तसे आहेत."

मग कंडक्टरने सुतळीने एकदा शेजारणीच्या खिडकीतून अख्खा मासा पळवला होता ती गोष्ट सांगितली. शेजारीण वर आली होती भांडायला, आणि कंडक्टर तिला म्हणाला होता, आमच्याकडे मांजर नाही, एक विनातिकीट प्रवासी आहे, तिची जबाबदारी खात्यावर नाही. सोफेवाल्याला ही गोष्ट माहीत होती. तरी तो पुन्हा पोट धरून हसला. हसून झाल्यावर पुन्हा तोंड उघडलं, आणि विचारलं, "बिस्किटं कुठली आणू?"

सहा वाजता तो उठला. जिन्यावर खाली उतरताना ते पाठ केलेलं वाक्य डोक्यात जसंच्या तसं होतं. ज्या घरात सुतळी पुन्हा खायला लागली, त्याच घरात तोही पुन्हा माणसांत आला. बायकोचं नाव घेऊन हसायला तो तिथेच शिकला. आणि मंगळवारी फोन करायचा धीर झाला तो स्टुलावर मान पुढे काढून कुणीतरी बसलं होतं म्हणून. हे सगळं त्याला नीट माहीत होतं. रस्त्यावर आल्यावर त्याने वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर कंडक्टर दोरीला बांधलेली पिशवी खाली सोडत होता आणि ओरडून सांगत होता, बिस्किटं साधीच आणा, क्रीमची नकोत.

सोफेवाल्याने हात हलवला. बिस्किटं आणली, पिशवीत घातली आणि घरी गेला. कंडक्टरचे आभार मानायचे अजून राहिले आहेत.